नाक मोकळं, तरी चेहरा जड: ‘सायनसचा दाब’ नेमका कशाचा, हे शोधायचं कसं

सकाळी उठल्यावर भिवयांच्या मध्ये कुणीतरी अंगठा दाबून धरल्यासारखं वाटतं. गाल आतून भरून आल्यासारखे. चपलेचा पट्टा लावायला वाकलं की कपाळात कळ जाते. आणि नाक मात्र स्वच्छ मोकळं. ना शिंक, ना शेंबूड. तरी घरातलं कुणीतरी म्हणतंच, “सायनस झालाय तुला, वाफ घे.”

माझी पाच वर्षं या एका वाक्यात गेली. वाफ, बाम, सुंठीचा लेप, दर दोन महिन्यांनी अँटिबायोटिकचा तीन दिवसांचा कोर्स, दोन एक्स-रे. शेवटी एका डॉक्टरांनी नाकात दुर्बीण घालून पाहिलं, पंधरा मिनिटं प्रश्न विचारले आणि सांगितलं की नाकात काहीही नाही, ही अर्धशिशी आहे. मी डॉक्टर नाही. पण त्या पंधरा मिनिटांतले प्रश्न मी आधी स्वतःला विचारले असते तर बरीच वर्षं वाचली असती. ते प्रश्न कोणते, कोणत्या क्रमाने विचारायचे आणि उत्तरांवरून पुढे काय करायचं, ते इथे लिहिते आहे.

आधी एक शब्द सुधारून घेऊ. सायनस ‘होत’ नाही, तो सगळ्यांना असतोच. चेहऱ्याच्या हाडांत हवेच्या पोकळ्यांच्या चार जोड्या असतात: गालांत, कपाळात, दोन डोळ्यांच्या मधल्या भागात आणि डोक्यात खोल मागे. आतल्या अस्तराला सूज आली की त्याला सायनुसायटिस म्हणतात. या आजारासाठी युरोपातल्या तज्ज्ञांची जी मार्गदर्शक तत्त्वं जगभर वापरली जातात, त्यांच्या २०२० च्या आवृत्तीत मोठ्या माणसांसाठी अट स्पष्ट आहे. नाक चोंदणं किंवा नाकातून (पुढून वा घशात) स्राव येणं, या दोनपैकी एक तरी लक्षण हवंच. चेहऱ्यावरचा दाब किंवा वास न येणं ही जोडीची लक्षणं. म्हणजे नुसता दाब असेल, तर सायनुसायटिस हा पहिला संशय नसावा.

पहिली पायरी: आज थांबायचं की लगेच जायचं?

बाकी सगळं नंतर. खालीलपैकी काही असेल तर हा लेख बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठा:

– मिनिटभरात टोकाला गेलेली, आयुष्यात कधी झाली नव्हती अशी डोकेदुखी
– तापासोबत मान ताठणं, गुंगी, असंबद्ध बोलणं
– डोळ्याभोवती किंवा कपाळावर सूज, डोळा बाहेर आल्यासारखा वाटणं, एकाचे दोन दिसणं, नजर कमी होणं
– डोळा लाल, प्रचंड दुखणारा, दिव्यांभोवती रंगीत वलयं आणि उलटी (काचबिंदूचा अचानक झटका असाच येतो)
– हात-पाय किंवा चेहऱ्याची एक बाजू लुळी पडणं, बोलणं अडखळणं
– डोक्याला मार लागल्यानंतर, गरोदरपणात किंवा बाळंतपणानंतर सुरू झालेलं नवं दुखणं

मधुमेह असलेल्यांसाठी वेगळं सांगते. २०२१ च्या उन्हाळ्यात कोविडच्या दुसऱ्या लाटेनंतर महाराष्ट्राने म्युकरमायकोसिस (काळी बुरशी) पाहिला आहे. त्याची सुरुवात अनेकांमध्ये गालाच्या दुखण्याने किंवा बधिरपणाने होते. साखर नियंत्रणाबाहेर असेल किंवा स्टिरॉइडच्या गोळ्या चालू असतील, आणि गाल बधिर वाटतो, चेहरा एका बाजूने सुजतो, वरचे दात हलू लागतात, नाकात किंवा तोंडातल्या टाळूवर काळा डाग दिसतो, तर एक रात्रही थांबू नका. या आजारात तासांना किंमत असते.

पावसाळ्यात ताप आणि डोळ्यांच्या मागे दुखणं एकत्र आलं तर डेंग्यूची तपासणी आधी करा. तो नाही हे कळेपर्यंत आयब्युप्रोफेन, अॅस्पिरिन घेऊ नका. तापाला पॅरासिटामॉल पुरे.

घाईचं नसलं तरी आठवड्याभरात दाखवावं असंही काही आहे. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली डोकेदुखी, विशेषतः कानशीलं दुखत असतील आणि चावताना जबडा थकत असेल तर (त्यात नजर अंधुक झाली तर मात्र त्याच दिवशी). एकाच नाकपुडीतून वारंवार रक्तमिश्रित पाणी. किंवा वाकल्यावर एका नाकपुडीतून टपटपणारं स्वच्छ पाणी.

दुसरी पायरी: नाक खरंच मोकळं आहे का?

हे वाटतं तितकं सोपं नाही, कारण वर्षानुवर्षं अर्धं बंद असलेल्या नाकाची सवय होते. थंड स्टीलची ताटली नाकाखाली धरा आणि तोंड मिटून नाकाने श्वास सोडा. दोन्ही बाजूंना वाफेचे डाग उमटतात का ते पाहा. एक डाग लहान असेल तर घाबरू नका. निरोगी नाकातही दर काही तासांनी एक बाजू थोडी आवळते आणि दुसरी सैलावते. सकाळी, दुपारी आणि रात्री पाहा. डाग सतत एकाच बाजूला लहान असेल, तर त्याला अर्थ आहे.

मग वास. चहाची पूड, हिंग, फोडणी यांचा वास पूर्वीइतकाच येतो का? घशात मागून काही ओघळतं का, सारखं खाकरावं लागतं का? रात्री तोंड उघडं ठेवून झोपता का? यातल्या दोन-तीन प्रश्नांना ‘हो’ असेल, तर नाक तुम्हाला वाटतं तितकं मोकळं नाही. मग ॲलर्जी किंवा जुनाट सायनुसायटिसची शक्यता पुन्हा उघडते.

एक अपवाद लक्षात ठेवायला हवा. प्रत्येक सायनस नाकात उघडतो तो अगदी अरुंद वाटेने. गालातल्या सायनसचं दार तर पोकळीच्या वरच्या अंगाला असतं. त्यामुळे नाकाची मुख्य वाट मोकळी असूनही एखाद्या सायनसची वाट सुजेने बंद होऊ शकते. डोक्यात खोल मागे असलेल्या सायनसला संसर्ग झाला तर नाक न चोंदताही डोळ्यांच्या मागे किंवा डोक्याच्या माथ्यावर दुखतं. हे क्वचित घडतं, पण घडतं. दुखणं दिवसरात्र हटत नसेल आणि आठवडागणिक वाढत असेल, तर दुर्बिणीची तपासणी टाळू नका.

तिसरी पायरी: तीन आठवड्यांची वही

मला सगळ्यात जास्त उपयोग याचा झाला. साधी वही घ्या, मोबाइलवर लिहिलंत तरी चालेल. दुखलं की इतकंच लिहायचं: किती वाजता सुरू झालं, किती तास राहिलं, कुठे (एका बोटाने दाखवा), कसं (दाब, ठणका, विजेचा झटका), १० पैकी किती, सोबत काय (मळमळ, उजेड नकोसा, डोळ्यांत पाणी), त्याआधी काय घडलं (झोप, जेवण, ऊन, प्रवास, पाळी) आणि कोणती गोळी घेतली. शेवटचा रकाना चुकवू नका. गोळ्यांची मोजणी पुढे लागणार आहे.

जागेवर मात्र फार विश्वास टाकू नका. चेहरा, दात, सायनस, डोळे आणि मेंदूचं आवरण या सगळ्यांच्या वेदना मेंदूपर्यंत नेते ती एकच नस, ट्रायजेमिनल. तिच्या तीन फांद्या कपाळ, गाल आणि जबडा वाटून घेतात. दाढेचं दुखणं गालात आणि अर्धशिशीचं नाकाच्या मुळाशी जाणवतं ते यामुळे. कपाळावर दाबलं की दुखतं म्हणून सायनस, हा तर्क इथेच फसतो. वाकल्यावर वाढतं म्हणून सायनस, हाही तसाच. अर्धशिशीसुद्धा वाकल्यावर, जिना चढल्यावर वाढते.

चौथी पायरी: वही वाचायला बसा

सुरुवात अर्धशिशीपासून करा, कारण शक्यता तिचीच मोठी आहे. अमेरिकेत २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, स्वतःला ‘सायनसची डोकेदुखी’ आहे असं सांगणाऱ्या किंवा डॉक्टरांनी तसं निदान केलेल्या २,९९१ लोकांना तपासलं गेलं. त्यातल्या ८८ टक्के लोकांचं दुखणं अर्धशिशीच्या व्याख्येत बसलं. गैरसमज होण्यासारखं कारणही आहे. अर्धशिशीच्या झटक्यात ती ट्रायजेमिनल नस चिडते आणि तिच्या जोडीने नाकाच्या व डोळ्यांच्या रक्तवाहिन्या आणि ग्रंथीही जाग्या होतात. डोळ्यांत पाणी येतं, नाक थोडं वाहतं, गाल भरल्यासारखा होतो. हवामान बदललं की झटका येतो, म्हणून तर सायनसची खात्रीच पटते. शिवाय नाव ‘अर्धशिशी’ असलं तरी ती दोन्ही बाजूंना असू शकते.

स्वतःला तीन प्रश्न विचारा. गेल्या तीन महिन्यांत दुखताना मळमळलं का? उजेड नेहमीपेक्षा जास्त त्रासदायक वाटला का? एखाद्या दिवशी तरी काम, अभ्यास, घरची कामं बाजूला ठेवावी लागली का? दोन ‘हो’ आले तर अर्धशिशीची शक्यता दाट. वहीत झटके ४ ते ७२ तासांचे आणि मधले दिवस अगदी स्वच्छ दिसले, तर आणखी दाट. स्त्रियांमध्ये ती पुरुषांपेक्षा सुमारे तिप्पट आढळते आणि पाळीच्या आसपास वाढते. चतुर्थीचा उपवास, लग्नघरातलं जागरण, भर उन्हातला प्रवास, उग्र अत्तर किंवा उदबत्ती यांच्या दुसऱ्या दिवशी वहीत नोंद दिसते का, ते पाहा. माझ्या वहीत उपवासाच्या सहापैकी पाच दिवशी दुखण्याची नोंद होती.

मग अँटिबायोटिकने बरं वाटायचं ते कसं? झटका तीन दिवसांत आपोआप ओसरतो आणि कोर्सही तीन दिवसांचाच असतो. सर्दीच्या गोळ्यांत बहुधा पॅरासिटामॉल असतंच, दुखणं त्याने थांबतं. पण श्रेय सायनसच्या औषधाला जातं आणि पुढच्या वेळी पुन्हा तेच औषध येतं. हा फेरा मोडणं आपल्या हातात आहे.

अर्धशिशीची लक्षणं जुळत नाहीत, दुखणं मंद आहे, नाकाच्या मुळापासून दोन्ही गालांपर्यंत सारखा पट्टा आवळल्यासारखं वाटतं आणि जवळजवळ रोज आहे, तर ते ताणाच्या डोकेदुखीचंच चेहऱ्यावरचं रूप असू शकतं. यात मळमळ नसते, कामंही होत राहतात. नाकाच्या औषधांना ते दाद देत नाही. डॉक्टर त्यासाठी रात्री अगदी कमी मात्रेत अॅमिट्रिप्टिलीन देतात आणि परिणाम दिसायला काही आठवडे लागतात. हे मूळचं नैराश्यावरचं औषध आहे हे वाचून अनेकजण गोळी बंद करतात. या मात्रेत ते वेदनेसाठीच दिलेलं असतं.

आता जबडा. रात्री दात खाण्याची किंवा दिवसा कामाच्या तंद्रीत दात घट्ट आवळण्याची सवय असेल, तर सकाळी कानशीलं आणि गाल जड होतात. कानाच्या पुढे बोटं ठेवून तोंड उघडा: कटकट, दुखरेपणा जाणवतो का? आपलीच तीन बोटं उभी धरून तोंडात मावतात का? मावत नसतील आणि सुपारी किंवा गुटख्याची सवय असेल, तर दंतवैद्याला लगेच दाखवा. सुपारीने तोंडाचं अस्तर आखडतं आणि त्याकडे दुर्लक्ष परवडत नाही. नुसता स्नायूंचा ताण असेल तर एक साधं सूत्र दिवसभर पाळा: ओठ मिटलेले, दात सुटे, जीभ टाळूला. सोबत गरम शेक, दोन आठवडे मऊ जेवण, चिक्की आणि कडक भाकरी बंद.

दात वेगळेच. वरच्या दाढांची मुळं गालातल्या सायनसच्या तळाला जवळजवळ टेकलेली असतात. दाब एकाच गालात असेल, चमच्याच्या दांड्याने ठोकल्यावर एखादी दाढ बोलत असेल, त्या बाजूला जुनं रूट कॅनल असेल किंवा नाकातून कुजका वास येत असेल, तर आधी दंतवैद्य गाठा. एकाच बाजूचं दुखणं हे दाताकडे पाहण्याचं सबळ कारण आहे.

ॲलर्जीत शिंका आणि खाज असतेच असं नाही, पण बहुधा असते. कोकणात पावसाळ्यात भिंतींना ओल धरते, विदर्भात उन्हाळ्यात कूलरच्या जाळ्यांत बुरशी वाढते, आणि गाद्या-गोधड्यांतले धुळीचे किडे तर सगळीकडेच. घर बदललं, गावाला गेलं की बरं वाटतं, असं वहीत दिसलं तर वाट सापडली. काहींना ॲलर्जी नसूनही गार वारा, धूर, फोडणीचा ठसका यांनी नाकाचं अस्तर आतून फुगतं.

हवेच्या दाबातला फरक हे कारण ओळखायला सोपं आहे. विमान उतरताना किंवा मालवण-तारकर्लीला पाण्याखाली जाताना कपाळात सुरी खुपसल्यासारखी कळ येते. समुद्रात दहा मीटर खाली गेलं की दाब दुप्पट होतो आणि सायनसचं दार बंद असेल तर आतली हवा तो तोलू शकत नाही. सर्दी असताना पाण्याखाली जाऊ नका, पैसे भरलेले असले तरी.

बाकीचं थोडक्यात. दात घासताना, तोंड धुताना किंवा वारा लागून सेकंदभर विजेचा झटका: ट्रायजेमिनल न्यूराल्जिया. रोज ठरावीक वेळी, बहुधा झोपेतून उठवणारं, एकाच डोळ्याभोवतीचं, १५ मिनिटं ते ३ तासांचं असह्य दुखणं, ज्यात माणूस पडून न राहता येरझाऱ्या घालतो: क्लस्टर डोकेदुखी. कपाळाच्या एका बाजूला आग आणि दोन-तीन दिवसांनी पुरळ: नागीण. नाकाच्या शेंड्यावर फोड आला तर डोळ्याला धोका असतो, त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ. चाळिशीत संध्याकाळी भिवया जड होत असतील तर आधी चष्म्याचा नंबर तपासा.

राहिला गोळ्यांचा रकाना. साधी वेदनाशामकं महिन्यात १५ किंवा अधिक दिवस, मिश्र गोळ्या किंवा ट्रिप्टान (अर्धशिशीच्या झटक्यावरच्या खास गोळ्या) १० किंवा अधिक दिवस, असं तीन महिन्यांहून जास्त चाललं असेल, तर गोळ्याच डोकेदुखी टिकवून ठेवत असतात. नाक मोकळं करणारे ऑक्सिमेटाझोलिन, झायलोमेटाझोलिनचे थेंबही तसेच. तीन ते पाच दिवसांपलीकडे गेलं की नाक त्यांच्याशिवाय उघडेनासं होतं.

पाचवी पायरी: घरी काय करून पाहायचं

मिठाच्या पाण्याने नाक धुणं सुरक्षित आहे, पण पाण्याबाबत तडजोड नको. नळाचं, विहिरीचं किंवा बाटलीबंद, कोणतंही पाणी एक मिनिट खळखळून उकळा, झाकून कोमट होऊ द्या. न उकळलेल्या पाण्यातला नेग्लेरिया हा अमीबा नाकातून मेंदूत पोहोचतो आणि तो संसर्ग जवळजवळ नेहमी जिवावर बेततो. आयोडीन नसलेलं मीठ तीन चमचे आणि खायचा सोडा एक चमचा मिसळून डबीत ठेवा. त्यातलं एक चमचा २४० मिली पाण्यात घाला. जळजळलं तर अर्धा चमचा घ्या. नेतीपात्र (नाक धुण्याचं तोटीचं भांडं) प्रत्येक वेळी धुऊन वाळवा.

नाकाचा स्टिरॉइड स्प्रे डॉक्टरांनी दिला असेल तर हात महत्त्वाचा. मान थोडी खाली, डाव्या नाकपुडीला उजवा हात, उजव्या नाकपुडीला डावा. टोक मधल्या पडद्याकडे न नेता कानाच्या दिशेला. जोरात ओढू नका, औषध घशात जातं. रोज घ्या आणि परिणामासाठी दोन आठवडे द्या.

वाफेने बरं वाटतं, पण मूळ कारण त्याने जात नाही. घरात लहान मूल असेल तर उकळत्या पाण्याचं भांडं त्याच्या जवळपास ठेवू नका.

अर्धशिशीचा संशय असेल तर झोप आणि जेवणाच्या वेळा तीन आठवडे सुट्टीच्या दिवशीही सारख्या ठेवा. उपवास करायचाच असेल तर पाणी, ताक, फळं वेळेवर घ्या. झटक्याच्या सुरुवातीलाच, दुखणं वाढायच्या आत घेतलेली गोळी जास्त उपयोगी पडते. मूत्रपिंड, जठर किंवा हृदयाचा आजार असेल तर आयब्युप्रोफेन विचारल्याशिवाय नको. रक्तदाब असेल तर सर्दीच्या मिश्र गोळ्याही नको.

सहावी पायरी: कोणाकडे आणि काय विचारायचं

वही घेऊन आधी घरच्या डॉक्टरांकडे जा. नाकाचे प्रश्न ‘हो’ असतील तर कान-नाक-घसा तज्ज्ञ, दाढ बोलत असेल तर दंतवैद्य, झटके आणि मळमळ असेल तर फिजिशियन किंवा मेंदूविकारतज्ज्ञ. “मला सायनस आहे” असं सुरू करू नका. “नाक मोकळं असतं, दाब इथे येतो, इतके तास राहतो, सोबत हे होतं” असं सांगा. आपणच निदान सांगितलं की पुढचे प्रश्न विचारले जात नाहीत.

साध्या एक्स-रेने फारसं कळत नाही. सीटी स्कॅन चांगला, पण त्यातही एक खाच आहे. काहीच त्रास नसलेल्या पुष्कळ लोकांच्या स्कॅनमध्येही अस्तर थोडं जाड, पडदा थोडा वाकडा दिसतो. म्हणून अहवालात तसं लिहून आलं आणि शस्त्रक्रियेची गोष्ट निघाली, तर हे विचारा: दुर्बिणीत पू किंवा सूज दिसली का? माझं दुखणं त्याच जागचं आहे का? शस्त्रक्रियेने नाक सुधारेल की दुखणंही जाईल? आधी अर्धशिशीचा उपचार करून पाहता येईल का? नीट विचार करणारे डॉक्टर या प्रश्नांनी दुखावत नाहीत.

महिन्यात चार किंवा अधिक दिवस दुखण्यात जात असतील तर रोजच्या प्रतिबंधक औषधाबद्दलही विचारा: प्रोप्रॅनोलॉल, फ्लुनारिझिन, अॅमिट्रिप्टिलीन अशी बरीच आहेत. दम्याचा त्रास असेल तर प्रोप्रॅनोलॉल चालत नाही, तेवढं आवर्जून सांगा. औषध सुरू झाल्यावरही वही चालू ठेवा. दोन महिन्यांनी जुनी पानं आणि नवी पानं शेजारी ठेवली की औषध लागू पडतंय की नाही, हे डॉक्टरांना आणि तुम्हाला एकदमच दिसतं.